अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी

शिंपीबुवांनी एकाच कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या, तेव्हा त्यांच्या बायकोने त्या उलटसुलट करून तीनदा पाहिल्या. चाळीस वर्षांत बुवांची माणसं पारखण्यात अनेकदा चूक झाली होती, कापडात एकदाही नाही. त्याच आठवड्यात त्यांनी शेजारणीला मेहुणी समजून तिच्यापाशी तिच्याच नवऱ्याची सविस्तर निंदा केली. शेजारणीला ती पटली, हा भाग वेगळा. सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी ते पोटच्या मुलालाही ओळखेनात. हे बायकोने कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. नुसती बुवांच्या मागेमागे फिरू लागली.

औषधांच्या दुकानात मात्र तिला राहवलं नाही. बुवांना सारखी लघवीची घाई व्हायची; गिऱ्हाइकाला हात वर करून उभं ठेवायचे आणि पळायचे. दिवसाला अकरा फेऱ्या. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली आणि फेऱ्या सहावर आल्या. त्याच गोळ्या न्यायला ती आली होती. दुकानातल्या बाईंनी विचारलं, गोळी घेतात कशी?

"अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी," ती जरा अभिमानानेच म्हणाली. "स्वतः कापतात. कातरीने, अगदी मधोमध."

बाईंनी पाकीट खाली ठेवलं. "काकू, ही गोळी दिवसभर हळूहळू सुटायला बनवलेली असते. कापली की औषध एकदम अंगात जातं. ती अख्खीच गिळायची. आणखी काय घेतात?"

कापडाच्या धुळीने शिंका येतात म्हणून शिंकांच्या रोज दोन गोळ्या, मनानेच. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, हेही निघालं, आणि शेवटी त्या दोन डाव्या बाह्यांचंही. बाईंनी समजावलं, की दोन्ही औषधं एकाच वाटेने जातात, एकमेकांत भर घालतात, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्यामुळे डोक्यात धुकं येऊ शकतं. मग तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. लघवी अडली किंवा भ्रम वाढला तर थेट दवाखाना गाठा, असं दोनदा बजावलं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासून दोन्ही औषधं बंद केली. लघवीची तपासणी झाली. घाईसाठी दुसऱ्या जातीचं औषध आलं, सोबत रक्तदाब मोजत राहायची ताकीद. घाई झाली की लगेच न पळता थोडं थोपवायचं, आणि प्रत्येक फेरी लिहायची. बायकोने ती मापांच्या वहीत लिहिली: छाती, खांदा, फेऱ्या.

तीन आठवड्यांनी बुवा नाकाला फडकं बांधून कापायला बसले. बायको समोर बसून बाह्या मोजत होती.

"पोरीसारखी काय पाहतेस? मी गेलो असं वाटलं होतं ना तुला?"

तिने उलट विचारलं, "लग्नाच्या वर्षी माझी कंबर किती होती?"

"चोवीस. डावा खांदा अर्धा इंच खाली. आत्ताचं सांगू?"

"नको," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला हाताशी आली ती कोटाची उजवी बाही.