शाई उद्या

व्यंगचित्रकार कुडाळकरांच्या शोकसभेच्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी नलूताई उठल्या त्या पेन्सिलीच्या होऊनच. हात पेन्सिलीचे, पदर पेन्सिलीचा, मनगटावरचा भाजल्याचा डागसुद्धा पेन्सिलीचा. "अगं बाई, हे काय आणखी नवीन!" असं म्हणून त्या चहा ठेवायला गेल्या.

कारण त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गावाची नाकं लांब करणाऱ्या या नवऱ्यानं बायकोचं व्यंगचित्र कधी काढलं नव्हतं. "तुझं सावकाश काढू गं," हे ठरलेलं. शेवटी एकदाचं समोर बसवलं, पेन्सिलीनं सगळी काढली, आणि दौतीचं झाकण लावून म्हणाले, "शाई उद्या." पहाटे गेले. आता या माणसाला काय म्हणावं!

ह्यांची कामाची रीत अशी: आधी पेन्सिल, तिच्यावर टाकानं शाई, आणि शाई वाळली की खालची पेन्सिल खोडायची नलूताईंनी. लग्न झाल्यापासून त्या हेच करत आल्या. तेव्हा शाई न लागलेल्याचं पुढं काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

सभागृहात तर सगळे शाईचे. ज्याला कुडाळकरांनी जसं काढलं, तसाच तो आला होता. नगराध्यक्ष घोरपड्यांचं नाक आधी दारातून आत आलं, आणि बऱ्याच वेळानं घोरपडे. वकिलीणबाई नुसती हनुवटी होत्या. जो तो मिरवत होता. "माझे कान बघितलेत? अस्सल कुडाळकर!" नलूताईंकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्यांना रडू फुटत होतं, पण डोळे पुसावेत तर गाल जायचे.

ह्यांची चित्रं छापण्यात ज्यांचा जन्म गेला, ते संपादक बापट तेवढे पुढं आले.

"भाऊजी, कुणाकडून तरी मला शाई करून द्या हो."

"वहिनी, ती रेघ आता कोण मारणार?" बापटांनी गहिवरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात काढला तेव्हा खांदा त्यांच्या तळव्याला लागून आला होता. त्यांनी तो रुमालाला पुसला.

"दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या," घोरपडे म्हणाले. सगळ्यांनी उभं राहून डोळे मिटले.

व्यासपीठावर कुडाळकरांचं टेबल मांडलं होतं. टाक, दौत, खोडरबर, मागं हार घातलेला फोटो. नलूताई अंग चोरून वर चढल्या. फोटोच्या काचेत त्यांचा फिकट चेहरा दिसला, आणि त्याच्यामागं ह्यांचा, मिश्किल.

"हसताय काय? मला अर्धवट टाकून गेलात ना!" त्यांनी रागारागानंच टाक दौतीत बुडवला. हे नेहमी नाकापासून सुरुवात करायचे. नलूताईंनी श्वास रोखला आणि काचेत बघून स्वतःच्या नाकावर एक रेघ ओढली. काळीकुळकुळीत. रेघ कुठं तुटली नाही. आपल्याला जमतंय असं वाटून त्यांना एकदम हसूच आलं.

खाली अजून सगळ्यांचे डोळे मिटलेले. दोन मिनिटं काही संपत नव्हती. नलूताईंनी खालचा ओठ पुढं काढून नाकावर फुंकर घातली. बोट लावून पाहिलं. वाळली होती.

मग त्यांनी नेहमीसारखं खोडरबर उचललं, आणि कपाळापासून खोडायला घेतलं.