शिळ्या पाण्याचा पाहुणा

वच्छलाबाईंच्या माडीवर वैजापूरची मुनिरा भाड्यानं राहायची. प्राणिशास्त्र शिकत होती. बहिणीच्या निकाहला गावी जाताना तिनं आपला सॅलमँडर घरमालकिणीच्या हवाली केला. टाकीतला तो गुलाबी जीव पाहून वच्छलाबाई चक्रावल्याच. मासा म्हणावं तर चार पाय, पाल म्हणावी तर पाण्याबाहेर येत नाही, आणि मानेभोवती तुऱ्यांसारखे लाल कल्ले.

त्याचं सगळंच उलटं. ऊन नको, दिवा नको. पाणी गार हवं, म्हणून बर्फाची बंद बाटली टाकीत सोडायची. तळाशी गोटे नकोत, गिळून बसतो. बारीक वाळूच हवी. खायला धुतलेलं गांडूळ, तेही एक दिवसाआड. भाताचं शीत चुकूनही नाही. आणि रोज तांब्याभर पाणी काढून तेवढंच जिन्याखालच्या निळ्या ड्रमातलं घालायचं. जन्मात मासळीला न शिवलेल्या वच्छलाबाई चिमट्यात गांडूळ धरताना तोंड फिरवायच्या. पण शब्द दिला होता. आपल्या हातून हा मेला तर पोरीला तोंड कसं दाखवायचं?

आणि एका दुपारी तो बिघडलाच. कल्ले पुढं मुडपले, गांडूळ तोंडाशी नेलं तरी हलेना. वच्छलाबाईंनी बाटली चाचपली; गार होती. खोलीत अंधार होता. मग चुकलं कुठं? त्यांनी फोन लावला.

मुनिरानं एकेक गोष्ट विचारली आणि प्रत्येक उत्तर बरोबर निघालं. तीही गोंधळली. "पाणी ड्रमातलंच ना, मावशी?"

"व्हय. तुझ्याच निळ्या ड्रमातलं."

तिनं पुढं विचारलं, "नळ कधी आला होता?"

"आज सकाळीच की. ड्रम घासून ताजं भरलं."

मुनिराच्या ध्यानात आलं. तिनं समजावलं. नळाच्या पाण्यातलं औषध त्याचे कल्ले जाळतं. पाणी दिवसभर साठून राहिलं की ते उडून जातं. ड्रमाचं पाणी हवं होतं ते शिळं म्हणून. ड्रम सांगितला आणि कारण सांगायचं राहिलं, चूक तिचीच. पण आत्ताच्या आत्ता बादलीभर जुनं पाणी हवं होतं.

ते आणायचं कुठून? आठवड्यानं नळ आला की शिळं पाणी मोरीत ओतायचं, ही गल्लीची रीतच. बादली घेऊन वच्छलाबाई दारोदार शिळं पाणी मागत फिरल्या. शेजारच्या हसीनाभाभींनी तर त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. शेवटी एकच घर उरलं, साळूबाईचं. ती रांजण कधी उपसत नसे, म्हणून वच्छलाबाईंनीच नळावर सगळ्यांदेखत त्याला डबकं म्हटलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

साळूबाई मेथी निवडत बसली होती. "काय पाहिजे म्हणालीस?"

"शिळं पाणी."

"डबक्यातलं?"

"व्हय," वच्छलाबाई म्हणाल्या. "तेच."

साळूबाईनं रांजणावरचं फडकं काढलं, बादली भरली आणि स्वतःच उचलून निघाली. दोघींनी टाकीतलं पाणी बदललं आणि समोर बसून राहिल्या. दिवेलागणीला कल्ले हळूहळू मागं सरकले. चिमट्यातलं गांडूळ त्यानं गपकन ओढलं.

"पण हा हाय कोण?" साळूबाईनं विचारलं. "मासा का पाल?"

"मला तरी कुठं कळलंय," वच्छलाबाई म्हणाल्या. "रांजण मात्र एवढ्यात उपसू नको बाई."