तिकिटावरचे शुद्धिपत्र

तात्यारावांचे आणि माझे बोलणे दोन वर्षे बंद होते. चूक सर्वस्वी माझी होती.

तात्याराव टेलिफोन खात्यात होते. नव्वदच्या दशकात, नंबर लावून दहा-दहा वर्षे थांबलेल्या लोकांच्या घरी एकदम फोन बसू लागले. त्या दिवसांच्या आठवणींचे त्यांनी पुस्तक केले आणि प्रकाशनाला मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितले. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक. दुसऱ्यांचे कोटभर शब्द तपासले असतील, स्वतःचे दोन बोलायची वेळ कधी आली नव्हती. म्हणून भाषण लिहून नेले. ते एका खिशात. दुसऱ्या खिशात पुस्तकात सापडलेल्या चुकांची यादी. ती कार्यक्रम झाल्यावर तात्यारावांना एकट्याला गाठून हळूच द्यायची, असे ठरवले होते.

व्यासपीठावर माझे नाव पुकारले गेले. हात चुकीच्या खिशात गेला. तिसऱ्या ओळीला ते माझ्या लक्षात आले, पण मधेच कसे थांबायचे ते सुचेना. मग एकशे बारा चुका, पान आणि ओळ यांसह, शेवटपर्यंत वाचल्या. टाळ्या पडल्या. त्या पडायला नको होत्या.

मित्र म्हणावा असा मला तेवढा एकच माणूस. फोन करायला दोन वर्षांत चार वेळा रिसीव्हर उचलला असेन, पण काय बोलायचे याचा मसुदाच पुरा होत नव्हता.

मागच्या आठवड्यात कुरिअरने तात्यारावांचे नवे पुस्तक आले. आत चिठ्ठी : ‘गुरुवारी एक वाजता जेवायला ये. मेट्रोने मंडईला उतर. पुस्तक वाचून ये. चुका काढणार असलास तर येऊ नकोस.’

मी पुस्तक उघडलेच नाही. उघडले आणि चूक दिसली तर ती न दिसल्यासारखी कशी करायची? सहा दिवस ते कपाटात पाठमोरे उभे होते. गुरुवार उजाडला. न वाचता गेलो तर पहिल्याच प्रश्नाला सापडणार, म्हणून वाटेत वाचायचे ठरवले.

विश्रांतवाडीहून येरवड्यापर्यंत रिक्षा केली आणि तिथून मंडईपर्यंतचे मेट्रोचे कागदी तिकीट काढले. नियमांचा फलक दोनदा वाचला. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची, पण तिकीट तपासणाऱ्या दारातून बाहेर पडायचे नाही; तिकीट तेच चालते. हे मला पटले होते, तरी तिथल्या रखवालदाराला विचारले. सरकत्या जिन्याने खाली गेल्यावर दुसऱ्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘वरच्यानं सांगितलं ना, आजोबा? मग तेच.’’

पुस्तक येरवड्यालाच उघडले होते. खरे सांगायचे तर चांगले होते. पहिल्यापेक्षा पुष्कळच चांगले. एका म्हातारीला फोन मिळाल्यावर ती रोज तो नुसता पुसून ठेवते, हे वाचताना मी गाडीत एकटाच हसलो. जमिनीखाली शिरल्यावर खिडकीत बघण्यासारखे काही उरले नाही, म्हणून आणखी रमलो.

मंडई आले. गर्दीबरोबर दाराशी गेलो, तिकिटावरचा कोडचा चौकोन काचेवर धरला. दार उघडले नाही. पुन्हा धरला. तांबडा दिवा.

‘‘अंकल, उलटं धरा,’’ मागची लॅपटॉपची सॅकवाली मुलगी म्हणाली.

‘‘उलटंच धरलं होतं.’’

‘‘मग सुलटं! प्लीज, माझा कॉल आहे दोन मिनिटांत.’’

मी बाजूला झालो. तेवढ्यात दाराच्या पलीकडून ओळखीचा आवाज आला.

‘‘मला ठाऊक होतं. शहरभर लोक जातात-येतात, हा तेवढा आत अडकणार.’’

तात्याराव! हातात पेरूंची कागदी पिशवी. मला न्यायला आले होते. दोन वर्षांनी ऐकलेले पहिले वाक्य, आणि तेही बरोबर होते.

निळ्या गणवेशातली एक मुलगी आली. बिल्ल्यावर नम्रता असे नाव होते. तिने तिकीट हातात घेतले आणि उजेडाकडे धरले.

‘‘काका, कोडवर काय लिहिलंय हे?’’

तेव्हा मला कळले. चाळीस वर्षांची सवय. चूक दिसली की हाताशी असेल त्या कागदावर टिपायची. हाताशी तिकीट होते. तिकिटावर मोकळी जागा थोडी, म्हणून मी चौकोनातून आरपार लिहीत गेलो होतो, आणि पेनातली शाई त्या गुळगुळीत कागदावर पसरली होती.

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो. ‘‘द्या ते इकडे.’’

पण ती चांगली मराठी शाळेत शिकलेली असावी. तिने खणखणीत वाचले, ‘‘पान नऊ, ओळ चार. आशीर्वाद, शी दीर्घ. पान चौदा, ओळ अकरा. पारंपरिक. दुसऱ्या पा-चा काना काढा. पान एकवीस... हे पुसट झालंय. काय आहे, काका?’’

मी तात्यारावांकडे बघितले नाही. इथे खोटे बोलून जेवण, मित्र, सगळेच वाचवता आले असते. पण कोणी शब्द विचारला तर मला चुकीचा सांगता येत नाही.

‘‘ऊर्जा,’’ मी म्हणालो. ‘‘ऊ दीर्घ.’’

तात्यारावांनी पेरूंची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आता ते वळून जिना चढणार आणि मी परतीचे तिकीट काढणार, अशी मनाची तयारी मी केली. परतीच्या तिकिटासाठी आधी बाहेर पडावे लागते का, हा प्रश्नही मनात येऊन गेला.

‘‘या काउंटरकडे,’’ नम्रता म्हणाली. ‘‘हे माझ्याकडे राहू दे, मी दुसरं देते.’’

‘‘थांबा हो, बाई,’’ तात्याराव कडाडले. ‘‘ते जमा करायचं नाही.’’

‘‘आजोबा, खराब तिकीट आहे ते.’’

‘‘खराब कसलं? त्यावर माझं एकवीस पानांचं काम आहे. आधी उतरवून घेऊ द्या.’’ त्यांनी खिशातले पेन काढले, पिशवीतले पेरू काढून छातीशी कवटाळले आणि रिकामी पिशवी दारावर टेकवून तिच्यावर लिहू लागले. ‘‘हं. पान नऊ, ओळ किती?’’

‘‘तात्या,’’ मी म्हणालो, ‘‘पुस्तक छापून झालंय. आता उपयोग काय?’’

‘‘कोण म्हणतं झालंय? नुसत्या पाच प्रती काढल्यात. बाकीच्या पुढच्या आठवड्यात.’’

‘‘पण तू तर लिहिलंस, चुका काढू नकोस...’’

‘‘मग काय लिहू? ‘कृपया काढाव्यात, आपला आज्ञाधारक’? भर सभेत माझे कपडे उतरवलेस, आणि विनंती मी करू? तू न काढता राहणार नाहीस, एवढं मला कळतं. ओळ किती?’’

‘‘चार.’’

‘‘पुढे?’’

मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी दार उघडून जात होते. अठ्ठाविसाव्या पानाशी यादी संपली.

‘‘पुढे?’’

‘‘पुढे मंडई आलं.’’

‘‘एकशे चाळीस पानांचं पुस्तक, आणि अठ्ठावीस पानं वाचून जेवायला आलास?’’

‘‘काका, आत थांबायला पण वेळेची मर्यादा असते,’’ नम्रता म्हणाली. ‘‘हे घ्या नवीन. या बाहेर.’’

‘‘याला स्वारगेटपर्यंत नेऊन परत आणता येईल का?’’ तात्यारावांनी तिला गंभीरपणे विचारले. ‘‘गाडीत बरं वाचतो तो.’’

दार उघडले. मी बाहेर आलो. काय बोलायचे ते अजूनही सुचले नव्हते, म्हणून दोन पेरू माझ्याकडे घेतले.

घरी गेल्यावर त्यांनी मला टेबलाशी बसवले आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढली. तीनदा भांडण झाले. त्यातल्या एका ठिकाणी बहुधा त्यांचे बरोबर असावे. कोश बघायला हवा. एकशे चाळिसावे पान संपल्यावर मग आमची पाने वाढली गेली. साडेचार वाजले होते.

‘‘आमटी मी केलीय,’’ तात्याराव म्हणाले. ‘‘मीठ कमी वाटलं तर वरून घे. टिपून ठेवू नकोस.’’

मीठ जास्त होते. मी दुसऱ्यांदा आमटी मागितली.