एक घर पुढं

"एवढ्या वेळात माझी दोन लग्नं झाली असती," येसाजी दाढीच्या फेसातून आरशाला सांगत होता. "मुलगी बघणं, बोलणी, हळद, सगळं उरकलं असतं. अन् ह्यांचं अजून बघणंच चाललंय."

मोरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता एक पत्रा होता. आरशाला सांगितलेलं सगळं स्टोव्हपुढं बसलेल्या इंदूबाईला ऐकू येई.

"दुसरं कुणाशी करणार होता?" तिनं इकडून विचारलं.

"तसं नाय गं. पोराचं बोलतोय."

"ते कळलं मला. पण दुसरी कोण, ते आधी सांगा."

पलीकडं वस्तरा थांबला आणि मग नळ जोरात सुटला. अडचणीच्या प्रश्नाला येसाजीचं हे नेहमीचं उत्तर.

पोराचं म्हणजे सुमेधचं. बघणं चाललं होतं ते मुलीचं असतं तर इंदूबाईनं चार बायकांत मिरवलं तरी असतं. सुमेध बघत होता मदरबोर्ड. एकोणनव्वद साली कर्जतच्या त्या आळीत हा शब्द ज्याला त्याला समजावून सांगावा लागे. तयार कॉम्प्युटर घेणं आपल्याला झेपणारं नाही, तेव्हा सुटे भाग आणून घरीच जोडायचा, असं चौदा एप्रिलच्या जयंतीला ठरलं. सुमेध खोपोलीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होता, तिथं तो कॉम्प्युटर शिकला होता. त्याचा दोस्त लडकू लोधिवलीला हायवेच्या कडेला ट्रकवाल्यांचे टेप आणि टीव्ही दुरुस्त करी. डाग देणं, तारा जोडणं त्याच्याकडं. बघता बघता लोखंडी पेटी आली, कीबोर्ड आला, पडदासुद्धा आला. राहिली ती एक हिरवी पाटी, जिच्यात बाकी सगळं खोचायचं. तोच मदरबोर्ड.

तो दोन प्रकारांत मिळत होता. कंपनी तीच, नाव तेच, फक्त नावाच्या शेवटी एकाला ए आणि दुसऱ्याला बी. या एका अक्षरापायी उन्हाळा गेला, पाऊस गेला, आता शेतं कापणीला आली. सुमेध दर सुट्टीला मुंबईला जाऊन त्याच दुकानात उभा राहायचा आणि तेच प्रश्न विचारायचा. शेवटी दुकानदारानं हात टेकले. दोन्ही खोकी त्याच्या पिशवीत कोंबली आणि म्हणाला, घरी नेऊन बघ, नको तो परत आण, पण इथं येऊन परत विचारू नकोस.

म्हणून या रविवारी सकाळपासून पुढच्या खोलीत सतरंजीवर दोन्ही बोर्ड मांडलेले होते आणि त्यांच्याभोवती तिघं बाप्ये वाकून बसलेले होते.

पुढची खोली म्हणजे इंदूबाईचा टायपिंगचा क्लास. सहा टेबलं, सहा मशीनं. त्यातलं पहिलं रेल्वेच्या लिलावातलं, त्या वेळी येसाजी जे काही मिळेल ते उचलून आणी. शिकवायला कोणी नव्हतं. इंदूबाईनं पुठ्ठ्यावर अक्षरांची घरं काढली, तो पुठ्ठा पोळपाटाच्या शेजारी ठेवला आणि भाकऱ्यांच्या मधल्या वेळात त्यावर बोटं आपटून ती शिकली. मग परीक्षा दिली, मग दुसरं मशीन घेतलं. कडावच्या, नेरळच्या, पार डोंगरातल्या वाडीवरच्या पोरीसुद्धा इथून शिकून गेल्या आणि कल्याणपासून व्हीटीपर्यंतच्या ऑफिसांत बसल्या. सुमेधची फी, येसाजीचं ऑपरेशन, घरावरची कौलं, सगळं या टकटकीतून निघालं.

गेली दोन वर्षं मात्र पोरी दारातूनच विचारत, "मॅडम, कॉम्प्युटर शिकवता का?" नाही म्हटलं की चप्पल पायातच ठेवून परत जात. म्हणून कॉम्प्युटर. हे सगळ्यांना पटलेलं होतं. तो ठेवायचा कुठं, हे मात्र आजवर कुणी काढलं नव्हतं. विषय जवळ आला की सुमेध "बघू कोपऱ्यात कुठंतरी" म्हणे आणि लगेच ए आणि बीकडं वळे.

"दोन्हीत भोकं आठ," लडकू म्हणाला.

"स्लॉट म्हण."

"स्लॉट आठ. मेमरी सारखी. ह्याचा वेग आठ, त्याचा दहा. वेगाचं बटण दाबलं की."

"बटण नाय दाबलं तर?"

"मंग दोन्ही सारखेच."

"मग दहावाला घ्या की रं," येसाजी म्हणाला. "जास्त जोर."

"बाबा, दहावाला तापतो म्हणतात."

"तापंल तर. इंजिन तापत नाय?" येसाजीची सगळी नोकरी बँकरवर गेली होती. खंडाळ्याच्या घाटात चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जी जादा इंजिनं लावतात, त्यांवर. त्यामुळं जगातला प्रत्येक प्रश्न त्याला चढावाचा वाटे. "मी सांगू? दोनी घ्या. एक फुडं लावा, एक मागून ढकलंल."

"बाबा, तसं नसतं."

"मंग कसं असतं, ते तरी सांग. एप्रिलपासून इचारतोय."

इंदूबाई पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. तिला ते दोन बोर्ड अगदी कपाटातल्या दोन सारख्या ताटल्यांसारखे दिसत होते. "अरे, दोन जुळ्या पोरींत एवढं बघायचं काय? डोळे मिटून एक उचला."

"आये, हे टायपिंगचं मशीन नाय," सुमेध म्हणाला. "चुकलं की चुकलं. ह्याला धूळ चालत नाही, ओल चालत नाही, शेजारी ठकठक चालत नाही, हादरा तर..."

तो मधेच थांबला. लडकूनं पोह्यातला शेंगदाणा शोधायला घेतला. येसाजी आढ्याकडं बघू लागला, जणू कौल फुटलंय. इंदूबाईनं तिघांकडं पाहिलं, "खा, गार होतायत" म्हणाली आणि आत गेली.

खाऊन तिघं पानटपरीवर गेले. विचार करायला मोकळी हवा पाहिजे, असं येसाजीचं म्हणणं. इंदूबाईनं पदर खोचला. रविवार तिच्या मशीनांचा. ब्रशनं धूळ काढायची, तेलाचा थेंब सोडायचा, जुन्या साड्यांच्या खोळी बदलायच्या आणि मग प्रत्येक मशीन उचलून शेजारच्या टेबलावर ठेवायचं. दर आठवड्याला एक घर पुढं. पहिल्याचं दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, शेवटचं फिरून पहिल्यावर. पोरींना एकाच मशीनची सवय लागू नये म्हणून तिनं हे पहिल्यापासून लावलं होतं. एकाचा 'र' ओळीच्या वर चढे, एकाची घंटी मुकी, एकाचा शब्दांमधली जागा सोडायचा लांब दांडा अंगठ्यानं ठोसल्याशिवाय हलत नसे. ज्या पोरीनं सहाही खोडी सोसल्या ती परीक्षेत कुठल्याही मशीनवर तरून जाई.

टेबलाखालचा केर काढताना तिला गेल्या रविवारी पुसलेली ती खडूची रेघ पुन्हा दिसली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, टेबलांच्या पायांमधून गेलेली, घाईघाईत पायानं फरकटलेली. तिनं ओल्या फडक्यानं ती पुसून टाकली.

हात एकदा लयीत आले की ते डोक्याला विचारत नाहीत. सहावं मशीन पहिल्या टेबलावर गेलं, तसे हात सतरंजीकडं वळले. दोन्ही बोर्डांवरून तिनं कोरडा ब्रश हलकेच फिरवला, मऊ कापडानं कडा टिपल्या आणि खोक्यात ठेवून झाकणं लावली.

तिघं परत आले. सुमेधनं एका खोक्याचं झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आये, हे खोक्यात कुणी भरले?"

"मी. धूळ काढली जरा."

"ब्रशनं?" लडकूनं कपाळाला हात लावला. "काकी, ह्याला हात लावताना आमी आधी नळाला शिवतो."

"मंग मी काय विटाळ केला?"

"तसं नाय ओ, काकी. करंट असतो अंगात."

"ते राहू दे," सुमेध म्हणाला. "डावीकडचा ए होता. तो एच्या खोक्यात ठेवलास ना?"

इंदूबाईनं क्षणभर आपल्या हातांकडं पाहिलं. "नाय," ती सावकाश म्हणाली. "एक घर पुढं सरकवला असणार. आज रविवार."

"असणार म्हणजे?"

"म्हणजे हातानं केलं असंल तर तसंच केलं असंल. पण बोर्ड दोनच. दोनदा सरकवले असतील तर परत जागेवर."

नाव खोक्यावर होतं, बोर्डावर नव्हतं. तिघं पुन्हा वाकले. लडकूनं भिंग काढलं. येसाजीनं चष्मा लावला, काढला, लडकूचं भिंग घेतलं, उलटं धरलं. सुमेधनं एक बोर्ड उचलला, दुसरा उचलला, पहिला खाली ठेवला आणि मग खाली ठेवलेला कुठला होता तेही विसरला. एप्रिलपासून ज्यांचं बघणं चाललं होतं, त्यांतला कुठला कोण, हे एकालाही सांगता येईना.

"घ्या," इंदूबाई म्हणाली. "आता तरी कुठलाही बसवा अन् सुटा एकदाचे."

"असं कसं," सुमेध म्हणाला. "उद्या सुट्टी टाकतो. दोन्ही घेऊन जातो, दुकानदार ओळखंल. नाहीतर पुढच्या रविवारी. तशी घाई काय आहे?"

बोलणं वैतागाचं होतं, पण आवाज हलका झाला होता. पाठ करून बसली तरी कुठली पोर बोटांकडं बघून टाइप करतेय, हे इंदूबाईला नुसत्या टकटकीवरून कळे. आत्ताही कळलं. पोर सुटल्यासारखं बोलत होतं. अजून एक आठवडा मिळाला म्हणून.

तिनं हात पुसले आणि ती तिसऱ्या टेबलाच्या स्टुलावर बसली.

"सुमेध, डोळे मीट."

"आये, आता हे काय?"

"मीट म्हणते ना. मी वाजवते, तू मशीन ओळख."

तिनं हात लांब करून दोन टेबलांवरच्या खोळी सारल्या आणि एकेक कळ दाबली.

"मुक्या घंटीचं," तो डोळे मिटून म्हणाला. "हे 'र' चढणारं. ह्याच्यावरच मी माझं नाव शिकलो. सुमेधमध्ये 'र' नाही म्हणून तू मला तेच दिलं होतंस."

"ही तुला डोळे मिटून ओळखू येतात. आणि ते दोन सहा महिने डोळ्यांपुढं धरून ओळखू येत नाहीत. कारण तू ते बघतच नव्हतास."

लडकू उठून चपला शोधू लागला.

"बस रं लडकू. आज पळायचं नाय."

"इंदे, चहा टाक जरा," येसाजी म्हणाला.

"चहा मागनं. ती खडूची रेघ कुणाची?"

येसाजीनं सुमेधकडं पाहिलं, सुमेधनं लडकूकडं, आणि लडकूला बघायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो म्हणाला, "माप घेत होतो काकी. नुसतं माप. काचेच्या पार्टिशनचं."

"दर रविवारी पुसते मी. पुढच्या रविवारी परत असते. पुसताना मी पण तोंड उघडलं नाय, ते माझ्याकडं लागलं." तिनं मशीनच्या सरकत्या गाडीवरून हात फिरवला. "पण आता हे तुमीच बोलायचं. मी बोलले तर उद्या आळीत सांगाल, तिनंच ठरवलं, आमी कुठं काय म्हणत होतो. बोल सुमेध. टेबलं सहा, खोली एक. तुझ्या डब्याला धूळ नको, हादरा नको. मंग?"

सुमेधनं दोन्ही खोकी एकावर एक ठेवली. उघड्या राहिलेल्या दोन्ही मशीनांवर त्यानं खोळी घातल्या, कोपरे नीट ओढले, जसे ती ओढायची तसे.

"काढावी लागतील, आये," तो म्हणाला. "सगळी. टायपिंगचा क्लास बंद करायचाय."