सर्वोत्तम खेळाडूच्या ढालीचं गाऱ्हाणं

मी ढाल बोलतेय. तलवारीचे वार झेलणारी नव्हे हो, तेवढं माझं नशीब कुठलं. मी फुटबॉलवाल्यांची फिरती ढाल. चांगलं जाडजूड सागवान, मधोमध चेंडूवर पाय ठेवून उभा असलेला पितळी खेळाडू आणि त्याच्या भोवती नावं कोरायच्या छोट्या पितळी पट्ट्या. वर ठसठशीत लिहिलंय, 'सर्वोत्तम खेळाडू'. हे दोन शब्द कुणी वाचून दाखवले की मला आजकाल तोंड लपवावंसं वाटतं.

अकोल्यातल्या एका सुताराने मला घडवलं. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण पॉलिश असं केलं की माणसाला त्यात आपलं तोंड दिसावं. अमरावतीच्या मैदानावर मला पहिल्यांदा टेबलावर ठेवलं, तेव्हा मी नव्या नवरीसारखी मिरवले. पुढे काय वाढून ठेवलंय हे नवरीला तरी कुठे ठाऊक असतं.

फिरती म्हणजे बिऱ्हाड कायम पाठीवर. स्पर्धेत जो सर्वोत्तम ठरेल त्याच्या घरी वर्षभर राहायचं, पुढच्या वर्षी दुसरं दार. मोर्शीला एका घरात मी संत्र्यांच्या पेट्यांमागे पडून असायचे. पाहुणे आले की वच्छलाबाई पदराने पुसून मला बाहेर काढायच्या आणि "आमच्या पोट्ट्याची हाय" म्हणून सांगायच्या. एका घरी तर एका शहाणीने माझ्यावर गरम कढई टेकवली. तो डाग अजून आहे. मी कधी कुरकुर केली नाही. घर कसंही असो, ज्याच्या घरी जायचे तो त्या वर्षी खरोखर सगळ्यांहून चांगला खेळलेला असायचा. तेव्हा एक म्हातारे पंच एकटेच निकाल द्यायचे. शेंबड्या पोराशीही हुज्जत घालायचे, पण डोळा पक्का होता.

ते गेले आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की एका माणसाच्या हातात एवढं कशाला, मतदान घ्या. झालं. माझे ग्रह फिरले ते तेव्हापासून.

नियम ऐकायला फार छान आहे. स्पर्धेत संघ पाच: अमरावती, अकोला, मोर्शी, बडनेरा आणि नांदगाव खंडेश्वर. अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाने एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर अकरा नावं, पण आपल्या संघातलं एकही नाही. सर्वांत वर ज्याचं नाव जास्त वेळा, त्याला मी. आणि सगळ्या चिठ्ठ्या मिळून ज्यांची नावं जास्त, ते 'वऱ्हाड अकरा'. हा अकरांचा संघ नागपूरला एका सरकारी खात्याच्या संघाशी खेळतो आणि खात्याचे साहेब तिथे बसून आपल्यासाठी पोरं निवडतात. निवडला गेला तो नोकरीला लागला. खरं सांगायचं तर पोरांचा डोळा माझ्यावर नसतोच, त्या नागपूरच्या गाडीवर असतो. त्याचा मला राग नाही. लाकडाने पोट भरत नाही हे मलाही कळतं.

मागच्या वर्षी अकोल्याकडून नईम खेळत होता. जठारपेठेतल्या गादीच्या दुकानात तो कापूस पिंजतो, त्यामुळे केसांत कायम कापसाचे तंतू. मैदानात जागा स्टॉपरची, म्हणजे गोलकीपरच्या पुढे, बचावाच्या अगदी मधोमध. ही जागाच मेली दळभद्री. गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, गोल होऊ न देणाऱ्याला कोण विचारतं? पण मी टेबलावरून पाहत होते ना. मोर्शीचा श्याम म्हणजे स्पर्धेतला सर्वांत तेज फॉरवर्ड, सगळ्यांना नाचवून आला आणि नईमसमोर येऊन थबकला. नईमने त्याला धक्का नाही की लाथ नाही, अलगद चेंडू काढून घेतला. श्यामसुद्धा हसला. नोकरीसाठी पंचविशीची अट होती आणि नईमचं ते शेवटचं वर्ष होतं. ही गोष्ट मैदानावरच्या चहावाल्यालाही माहीत होती.

अकोल्याचे प्रशिक्षक शफीक चाचा. नात्याने कुणी नव्हेत, पण नईमचा बाप लवकर गेला आणि याच माणसाने त्याला बोट धरून मैदानावर आणलं. पहिले बूट त्यांनीच घेऊन दिले. त्याला नोकरी लागावी म्हणून चाचांचा जीव तुटायचा, हे मी खोटं सांगणार नाही.

त्या सकाळी चिठ्ठ्या लिहायला पुठ्ठा सापडेना. मग काय, मलाच टेबलावर पालथी केली आणि माझ्यावर कागद ठेवून एकेक जण लिहू लागला. माझ्या पाठीला कुणाचं काय लिहून झालं ते कळत होतं.

आधी मोर्शीचे प्रशिक्षक आले. पेन दातात धरून स्वतःशीच पुटपुटले, "नईमले लिवलं तं आपला श्याम मागं पडते." म्हणून नईम गाळला. अमरावतीचा गोलकीपर गाळला. ज्याच्यापासून श्यामला धोका, तो प्रत्येक जण गाळला. मग वर कुणाला टाकायचं? नांदगावचा कुंदन. बिचारा सरळ पोरगा. संघ सगळे सामने हरलेला, आणि हा अर्धा वेळ बाकावर. "याले देल्लं तं कोनाचं काय बिघडते," म्हणाले आणि घडी घालून मोकळे झाले.

अमरावतीवाले आले, त्यांनीही तेच केलं. बडनेऱ्याचं तर हसू माझ्या अंगावर सांडलं. प्रत्येकाला वाटत होतं, ही अक्कल एकट्या आपल्यालाच सुचली.

मग शफीक चाचा आले. म्हटलं, हा माणूस तरी नीट लिहील. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, श्यामला गाळलं, चांगले चांगले सगळे गाळले आणि वर लिहिलं, कुंदन. "हा काय निवडून येते," असं म्हणून ते मिशीत हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी नांदगावचे प्रशिक्षक. त्यांच्याकडे वाचवायला कुणी नव्हतंच. त्यांनी वर नईमचं नाव लिहिलं, खाली श्यामचं, मग गोलकीपरचं, आणि निघून गेले. पाच शहाण्या माणसांत सरळ लिहिणारा निघाला तो एकटा, सगळे सामने हरलेला.

संध्याकाळी समितीचे खुशालराव सर माइकवर उभे राहिले. कुंदनचं नाव घेतलं आणि मैदानावर कुणाला काही कळेचना. सवयीने दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. कुंदन उठलाच नाही, शेजारच्याने ढकललं तेव्हा उठला. मग 'वऱ्हाड अकरा'ची यादी वाचली. एकेक नाव असं की त्यांच्या घरच्यांनीही दचकावं. श्याम नाही, नईम नाही. चारही प्रशिक्षक एकमेकांकडे पाहत राहिले. बोलणार कोण? बोललं की स्वतःची चिठ्ठी उघडी पडते.

"परत मतदान घ्या," गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"नियम म्हंजे नियम," खुशालराव म्हणाले. "मतं तुमच्याच लोकांनी देल्ली, म्या नाई देल्ली."

नईम खाली बसून बुटाची नाडी सोडत होता. चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चारचौघांनाही कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "लोकांले पारख नाई राहिली बेटा." हे ऐकलं आणि मला वाचा नाही याचं जन्मात पहिल्यांदा वाईट वाटलं.

नागपूरला कुंदन कप्तान होऊन गेला. इतके गोल खाल्ले की बघे मध्यंतरातच उठले. साहेबांनी त्या वर्षी वऱ्हाडातून एकही पोरगा घेतला नाही.

पुढच्याच आठवड्यात कुंदन मला कापडात गुंडाळून बसने अकोल्याला घेऊन आला. दुपारची वेळ, दुकानात पिंजायची मशीन घरघरत होती आणि शफीक चाचा चहाचा ग्लास घेऊन स्टुलावर बसले होते. कुंदनने मला गादीवर ठेवलं.

"भाऊ, हे तुमचं हाय. मले घरात पाहवत नाई."

"नाव कोनाचं कोरलं त्याच्यावर?" नईमने विचारलं.

"माहंच. पन मी कोनापाशी मत मांगाले गेलो नाई, आईशपथ. खुशालराव सरच म्हने, चार चिठ्ठ्यांत माहं नाव पह्यलं होतं. फक्त आमच्या सरांनं तुमाले देल्लं."

नईमने मशीन बंद केली. चाचांशी तो नेहमी घरच्या उर्दूत बोलतो. त्या दिवशी मराठीत बोलला, कुंदनलाही कळावं म्हणून.

"चार म्हंजे त्याच्यात अकोला बी आलं, चाचा."

चाचांनी ग्लास खाली ठेवला. "तुयासाठीच केलं रे. श्याम वरतं गेला असता तं तू खाली आला असता."

"मंग येऊ द्याचं होतं खाली. मले हे लाकूड नव्हतं पाहिजे, नागपूरची गाडी पाहिजे होती. तिच्यात अकरा जागा होत्या, चाचा. मी बी मावलो असतो अन् श्याम बी."

बाकीच्या तिघांनीही आपापल्या पोरासाठीच केलं होतं, हे तिथे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. नईमने मशीन सुरू केली आणि कापूस आत सारू लागला. चाचा चहा तसाच ठेवून उठले. त्यानंतर त्यांना त्या दुकानात बसलेलं जठारपेठेत कुणी पाहिलं नाही. कुंदन मला पुन्हा कापडात गुंडाळून नांदगावला घेऊन गेला.

तिथे मी आता भिंतीकडे तोंड करून उभी आहे. कुंदनच उभी करतो तशी, त्याचं काही चुकत नाही. लवकरच स्पर्धा सुरू होईल, मला पुसतील, टेबलावर नेतील आणि पुन्हा माझ्या पाठीवर चिठ्ठ्या लिहितील. लिहा बाबांनो, पण एवढं ऐका. लिहायला बसाल तेव्हा ज्याची तुम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते, त्याचं नाव आधी लिहा. सर्वोत्तम तोच असतो आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आणि ते जमत नसेल तर यंदा खुशाल नईमचं नाव लिहा. तो आता खेळत नाही, त्याच्यापासून कुणाच्याच पोराला धोका उरलेला नाही.