एका घोटात सात गोळ्या

सोमवारी अनसूयाबाईंचं वजन पुन्हा अर्ध्या किलोने घटलं, तेव्हा किडनीच्या डॉक्टर रुचिरा मॅडमनी नळीचा विषय काढला.

“पुढच्या सोमवारपर्यंत बघू,” त्या म्हणाल्या. “खाणं वाढलं नाही तर नाकातून नळी घालून प्रोटीन द्यावं लागेल. रक्तातलं प्रोटीन, अल्ब्युमिन, दोन पूर्णांक आठवर आलंय. इतक्या अशक्त शरीराला डायलिसिस झेपत नाही, काकू.”

अनसूयाबाई ऐन मे महिन्यात शाल गुंडाळून खाटेवर पडल्या होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांच्या किडन्या थकल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा कामतघरच्या या डायलिसिस सेंटरच्या पायऱ्या त्या चढत होत्या. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “नळी घालायची तर मी इथे येणंच बंद करते. मग तुम्ही आणि तुमचं मशीन.”

येणं बंद करणं म्हणजे काय, ते तिथल्या बाराच्या बारा खाटांना माहीत होतं. शेजारच्या खाटेवरच्या केसरीनाथनेसुद्धा मान वळवून पाहिलं. एरवी मशीनच्या पिप-पिपवर आणि खालच्या यंत्रमागांच्या खडखडाटावर त्याचा आवाज असायचा.

श्रीनाथराव स्टुलावर बसून होते. बायकोचा हात धरावा असं त्यांना वाटलं, पण बारा खाटांसमोर तो धरणं त्यांना जमलं नाही. त्यांनी शालीचं टोक सारखं केलं, एवढंच.

एकतीस वर्षं त्यांनी शाळेचं ग्रंथालय सांभाळलं होतं. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, पण कुणी विचारल्याशिवाय ते कधी बोलले नव्हते. आता घरी रिपोर्टांची फाईल होती. ती रोज दुपारी उघडून ते नवलाने बघत बसत. माणसाच्या आत काय चाललंय ते असं आकड्यांत उतरतं, याचं त्यांना अजून अप्रूप होतं. टीएसएच नावाचा आकडा थायरॉइडचा. मेंदू गळ्यातल्या त्या ग्रंथीला हाक मारतो. ग्रंथी काम करेनाशी झाली की मेंदू आवाज चढवतो, तसा हा आकडा चढतो. अनसूयाबाईंना थायरॉइडची गोळी बारा वर्षं चालू होती आणि आकडा बारा वर्षं शहाण्यासारखा वागला होता. गेल्या आठ महिन्यांत मात्र तो नवावर गेला, मग बावीसवर, मग एक्केचाळीसवर. मॅडमनी गोळी पन्नासची पंचाहत्तर केली, पंचाहत्तरची शंभर केली. मेंदू आपला ओरडतोच आहे.

त्याहून त्यांना दुसऱ्या एका आकड्याचं कोडं पडलं होतं. फॉस्फरस. तो दुधातून, डाळीतून, अंड्याच्या पिवळ्यातून येतो, किडनी नसली की रक्तात साठतो आणि अंगाला खाज आणतो. तो कमी करायला वेगळी गोळी होती. पण अनसूयाबाई खात होत्या काय? सकाळी अर्धी इडली, दुपारी चार घास भात. जन्मात अंड्याला हात न लावलेल्या श्रीनाथरावांनी निवृत्तीनंतर अंडी उकडून पिवळं बाजूला काढायला शिकून घेतलं होतं. ते पांढरं त्या चमच्याने ताटभर फिरवायच्या आणि तसंच ठेवायच्या. मग न खाणाऱ्या माणसाचा फॉस्फरस वाढतो कुठून?

हा प्रश्न मॅडमना विचारावा असं त्यांनी चार वेळा ठरवलं. चारही वेळा त्यांना वाटलं, हे भलतंच बाळबोध असेल. मॅडम हसतील. हसल्या नाहीत तरी त्यांची दोन मिनिटं जातील, आणि भिवंडीत त्यांचा दिवस फक्त सोमवार.

शुक्रवारी दुपारी वळगावच्या धोंडूबाई नेहमीप्रमाणे नवऱ्याचा, म्हणजे केसरीनाथचा, डबा घेऊन आल्या. केसरीनाथची शेतं गोदामांखाली गेली होती, दारात मोठी गाडी होती, पण बायकोपुढे त्याचं काही चालत नसे. डब्यात तांदळाची भाकरी, ताज्या बोंबलाचं कालवण आणि दोन अंड्यांचं पांढरं.

“सुकी मच्छी?” केसरीनाथने विचारलं.

“सुकी मच्छी न्हाय. मीठ हाय त्यात. मरायचंय का तुला?”

“कवातरी मरायचाच हाय ना.”

“मंग मर, पन माझ्या हातचं आलनी खाऊन मर.”

श्रीनाथरावांना हसू आलं. ते लपवायला त्यांनी मान वळवली, आणि तेव्हा त्यांना दिसलं. धोंडूबाईंनी नवऱ्याला चार घास भरवले, मग पदराच्या गाठीतून एक पांढरी जाडजूड गोळी काढली, ती त्याच्या तोंडात घातली आणि वर पाचवा घास कोंबला.

गोळी ओळखीची होती. फॉस्फरसचीच.

“काय बगता मास्तर?” धोंडूबाई म्हणाल्या. ते मास्तर नव्हते, पण हे सांगायचं दीड वर्षात राहूनच गेलं होतं.

“नाही, म्हणजे... गोळी तुम्ही जेवणाच्या मध्येच देता?”

“मदीच द्यायची. मॅडमनी सांगलंय. ही गोली पोटात जाऊन बसते, आनि वरून काय येईल त्याला धरते. जेवनातलं वाईट धरते नि खाली घेऊन जाते. रिकाम्या पोटी दिली तर धरेल काय? वारा?”

“काय येईल त्याला धरते,” श्रीनाथराव पुटपुटले.

“आमच्या वेशीवरच्या वॉचमनसारखी,” केसरीनाथ तोंडात घास घेऊन म्हणाला. “चोर सापडला न्हाय तर पावन्याला धरतो.”

श्रीनाथराव स्टुलावर बसले ते बसलेच. डोक्यात काहीतरी हललं होतं आणि ते नीट दिसेपर्यंत त्यांना जागचं उठायचं नव्हतं.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून असतं. अनसूयाबाईंना दिवसाला पाऊण लिटर. श्रीनाथराव रोज सकाळी बाटली भरून, तिच्यावर पेनाने खुणा करून ठेवत. सकाळच्या गोळ्या सात. एकेक गोळी एकेका घोटाबरोबर घेतली तर पाव भाग पाणी त्यातच जायचं आणि चहा अर्धा कप व्हायचा. अनसूयाबाई दिवसभर तहानेने जीभ फिरवत बसायच्या. फॉस्फरसची गोळी सुरू झाली, तेव्हा श्रीनाथरावांनी युक्ती काढली. सगळ्या गोळ्या तळहातावर घ्यायच्या आणि एका घोटात उतरवायच्या. तीन दिवसांत अनसूयाबाईंना ते साधलं. घशाखाली सात गोळ्या गेल्या की त्या तोंड उघडून दाखवायच्या आणि दोघंही हसायचे. वाचलेल्या पाण्याचा कप भरून चहा व्हायचा. आपल्या हातून आयुष्यात एक तरी कामाचा शोध लागला, असं श्रीनाथरावांना वाटलं होतं.

त्या सातांत थायरॉइडची इवलीशी गोळी होती. आणि रिकाम्या पोटी दुसरं काहीच हाती न लागणारा तो वॉचमनही होता.

कागदावर फॉस्फरसच्या गोळीपुढे “जेवणाबरोबर” लिहिलं होतं. जेवणाबरोबर म्हणजे जेवणाच्या आगेमागे, असा त्यांनी अर्थ लावला होता. इडली अर्ध्या तासाने होतीच. मॅडम विचारायच्या, “गोळ्या चुकत नाहीत ना?” ते म्हणायचे, एकही नाही. “थायरॉइडची रिकाम्या पोटी ना?” ते म्हणायचे, हो, अगदी रिकाम्या पोटी. दोन्ही उत्तरं खरी होती.

आठ महिने. आकडे बिघडले तेही आठच महिने. मंदावलेल्या थायरॉइडने थंडी वाजते, पोट साफ होत नाही, अन्नावरची वासना उडते, हे त्यांनी स्वतः वाचलं होतं. पण गोळी चालू असताना थायरॉइडवर संशय घ्यायचा कशाला? सगळं डायलिसिसच्या नावावर टाकलं होतं.

शनिवार-रविवार त्यांनी मॅडमना द्यायची चिठ्ठी लिहिली. पहिली दोन पानी झाली, ती फाडली. दुसरीत “माझ्या अल्पमतीप्रमाणे” तीनदा आलं, तीही फाडली. तिसरी घडी घालून ठेवली. आपण कोण? गोदामवाल्याच्या बायकोच्या बोलण्यावरून औषधशास्त्र रचणार? आणि खरं निघालं तर? तर त्याहून वाईट. मग गेले आठ महिने बायकोला उपाशी ठेवणारा माणूस घरातच होता, आणि तो अंडी सोलत होता.

रविवारी सकाळी मात्र त्यांनी थायरॉइडची गोळी एकटीच दिली.

“बाकीच्या?” अनसूयाबाईंनी हात तसाच पुढे ठेवला.

“नंतर देतो.”

“का?”

“बघू या,” ते म्हणाले आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

सोमवारी मॅडम खाटेजवळ आल्या. वजनाचा कागद बघून त्यांनी तुळजा सिस्टरना नळीचं सामान आणायला सांगितलं. अनसूयाबाईंनी शाल फेकली. “सुया काढा. मी घरी जाते.”

“काकू, ऐका...”

“दीड वर्ष ऐकलं की.”

श्रीनाथरावांची चिठ्ठी खिशात होती. त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मॅडमनी पाठ वळवली.

“ओ मॅडम!” धोंडूबाईंनी डबा ठेवून हाक मारली. “या मास्तरला काय बोलायचंय. शुक्रवारपासून त्याच्या पोटात हाय. काडा बाहेर!”

बाराच्या बारा खाटा बघू लागल्या. श्रीनाथराव उभे राहिले. चिठ्ठी काढली, पण डोळ्यांपुढे अक्षरं लागेनात, म्हणून ती न वाचताच ते बोलले.

“मी हिला सकाळच्या सगळ्या गोळ्या एकदम देतो. एका घोटात. पाणी वाचावं म्हणून. थायरॉइडची आणि फॉस्फरसची, दोन्ही. आठ महिने झाले. ही युक्ती माझी आहे. हिची नाही.”

मॅडम थांबल्या. फाईल उघडून त्यांनी पानं मागे उलटली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, जानेवारी. बोट एकेका आकड्याखालून सरकत होतं, आणि श्रीनाथरावांना तशाही स्थितीत वाटलं, हेच ते पान, हाच तो क्रम, मी रोज दुपारी बघतो तोच.

“एकदम,” मॅडम म्हणाल्या. “काका, ती गोळी थायरॉइडला धरून ठेवते. रक्तात जाऊच देत नाही. दोघींमध्ये निदान चार तास हवेत.” मग फाईल मिटून म्हणाल्या, “मी रिकाम्या पोटी का एवढंच विचारत राहिले. बरोबर काय घेता, हे विचारलंच नाही.”

“म्हणजे माझी भूक यांनी पळवली?” अनसूयाबाई उठून बसल्या होत्या.

“पळवली म्हणजे...” श्रीनाथराव चिठ्ठीची घडी घालू लागले.

“आणि मी म्हणत होते, संपत आलं आपलं. रोज सकाळी तेच मनात. कुणाला बोलले नाही.” त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या होत्या की काय, ते कळत नव्हतं. “तोंडातून काढायचं होतंत शुक्रवारीच.”

“हेच एक कारण असेल असं मी म्हणत नाही,” मॅडम म्हणाल्या. “डायलिसिसमध्ये थायरॉइड तसाही मंदावतो, भूक तशीही मरते. पण आधी हे सुधारू. पहाटे उठल्यावर थायरॉइडची एकटी. शंभरची नाही, पंचाहत्तरची. शंभर खरोखर अंगी लागायला लागली तर हृदयाला जड जाईल. फॉस्फरसची दुपारी आणि रात्री, घासाबरोबर.”

“जेवनाच्या मदी,” धोंडूबाईंनी पुस्ती जोडली.

“आणि नळी?” अनसूयाबाईंनी विचारलं.

“सहा आठवडे देते. तोवर रोज दोन अंड्यांचं पांढरं आणि वाटीभर पनीर किंवा डाळ. मन नसलं तरी. वजन आणखी उतरलं तर मात्र मी ऐकणार नाही.”

पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही. अनसूयाबाई अंड्यासमोर डोळे मिटून बसायच्या आणि औषध घेतल्यासारखं ते गिळायच्या. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यांनी पंखा लावायला सांगितला. चौथ्या आठवड्यात, डाळ पांचट झाली म्हणून त्या श्रीनाथरावांवर इतक्या चिडल्या की शेजारच्या गोदूबाई डोकावून गेल्या. श्रीनाथरावांनी तारीख लिहून ठेवली.

सहाव्या आठवड्यात रिपोर्ट आला. टीएसएच एक्केचाळीसवरून चौदा. फॉस्फरस खाली. अल्ब्युमिन तीन पूर्णांक एक, म्हणजे फार नाही, पण चढतं. वजन आठशे ग्रॅमने जास्त, आणि पायाला सूज नाही, म्हणजे ते पाण्याचं नव्हतं.

“नळीचं नाव आता काढत नाही,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

अनसूयाबाईंनी रिपोर्ट हातात मागून घेतला. दीड वर्षात त्यांनी तो कधी मागितला नव्हता. चष्मा लावून त्या आकडे वाचत राहिल्या.

“अहो, एक गोळी दुसऱ्या गोळीला धरते म्हणजे काय करते? हात तर नसतात तिला.”

“मला वाटतं, दोघी चिकटतात. आणि मग तो गोळा आतड्यातून आत शिरत नाही. पण नक्की नाही. आणि इडली, डाळसुद्धा थायरॉइडच्या गोळीला अशी धरते का, तेही मला...”

“मग विचारा की.”

“कुणाला?”

“त्या काय तिथे उभ्या आहेत.”

मॅडम तीन खाटा सोडून पुढे होत्या, हातात दुसऱ्याची फाईल. श्रीनाथरावांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. त्या परत रिपोर्टात डोकं घालून बसल्या होत्या. ते स्टुलावरून उठले, सदऱ्याचं टोक खाली ओढलं आणि खाटांच्या मधून चालू लागले.

“मॅडम,” ते म्हणाले, “एक विचारायचं होतं. जरा बाळबोध आहे.”