बिबा की बिबळा

पंचावन्नाव्या वर्षी मला सुतारकीचं वेड लागलं. आमच्या ब्राह्मणपुरी गावात लोक हसले. हसोत बापडे. माझ्या बायकोचे, धनुबाईचे गुडघे गेले होते. विळीवर बसली की तिला उठवायला दोन माणसं लागायची. बाजेवर बसून चाकूने भाजी चिरता यावी म्हणून मी तिला एक लाकडी फळी करून द्यायचं मनावर घेतलं.

भटू सुताराने रंधा उसना दिला आणि सांगितलं, लाकूड बिबळ्याचं घ्या, जन्मभर टिकेल. सातपुड्यातून लाकडं विकायला येणाऱ्या खात्या नावाच्या माणसाकडून मी ओंडका घेतला. चार दिवस खपलो तेव्हा कुठे फळी झाली. एक कोपरा वर, एक खाली, ठेवली की डुगडुगायची. पण मला ती लाखात एक वाटली. काल त्या फळीवर चिरलेली वांग्याची भाजी माझ्या लेकीने, छबूने, दोनदा वाढून घेतली. छबू बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना.

आज सकाळी उठलो तर दोन्ही तळहातांवर टरटरून फोड आलेले. ते बघत बसलो होतो, तोच धनुबाई म्हणाली, "शेजारनी नानीबाई सांगस, गुडघाले बिबा लावी दख."

बिबा. बिब्याचा चीक लागला की अंग उततं, फोड येतात, हे कोणाला माहीत नाही? मी खात्याला काय मागितलं होतं, बिबळा की बिबा? काही केल्या आठवेना. समोर ओसरीवर छबू पोट खाजवत बसली होती.

काय करायचं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. फळी उचलायची आणि घरात सांगायचं. पण सांगितलं असतं तर मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं, की सुतार व्हायला निघाला आणि पोटुश्या पोरीला विष चारलं. आधी खात्री करू, मग बघू, असं म्हणत मी दमणीला बैल जुंपले. फळी चुलीजवळच राहिली.

शहाद्याच्या बाजारापर्यंत मला छबूचं पोटच दिसत होतं. कासरा धरवत नव्हता, हातांची नुसती आग होत होती. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. खात्या मोळ्यांपाशी भेटला. माझा अवतार बघून तोच घाबरून उभा राहिला.

"खात्या, खरं सांग. मले दिधं ते लाकूड कसानं शे? बिबानं?"

"बिबा कोन तोडस, आबा? तोडनारना हात ऱ्हातीन का?" त्याने आपले हात पुढे केले. भेगाळलेले, पण फोड एकही नाही. मग माझे तळहात धरून त्याने उलटसुलट पाहिले. "बिबळाच शे. ह्या फोड रंधाना शेतस. नवा हात शे ना."

मी तिथेच मातीत बसलो. हसू येत होतं की रडू, कळेना. छबूसाठी शेरभर गोडी शेव घेतली आणि गुणगुणत परत आलो.

घरात धनुबाई खाली बसून विळीवर भेंडी चिरत होती. एक पाय लांब केलेला, गुडघा टम्म सुजलेला. फळी दिसेना.

"फळी कोठे शे?"

"उचली ठेवी दिधी." तिने वर पाहिलं नाही. "बिबानं नाव काढं आनि तुमनं तोंड पांढरं पडनं. हात लपाडत दमणी जुपी. मले भ्याव वाटना. पोरना पोटमा जीव शे."

"बिबळाच शे," मी म्हणालो. "मी खात्याले इचारी उनू."

"मंग आमले सांगीसन का बरं नही गयात?"

भेंडी चिरून झाली. तिला उठवायला मी हात पुढे केला. तो तिने घेतला नाही. तशीच बसून राहिली आणि शेजारच्या नानीबाईला हाक मारली.